जुन्या मोबाईलच्या दुकानात सरसकट १० टक्के सूट: विक्री वाढली, पण हातात काही उरत नाही

कृष्णाकाठ_मोबाईल यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. कराडला एसटी स्टँडच्या बाजूला जुन्या मोबाईलचं दुकान आहे, १० बाय १२ चा गाळा. नवीन फोन ठेवत नाही. सेकंड हँड घ्यायचे, साफसूफ करून विकायचे, सोबत थोडे कव्हर आणि ग्लास. जीएसटी नंबर आहे, मार्जिन स्कीममध्ये (खरेदी-विक्रीच्या फरकावरच कर) बिल होतं.

गणपतीपासून दाराशी '१० टक्के सूट' असा बोर्ड आहे. आकडे देतो, म्हणजे बोलायला सोपं जाईल.

बोर्ड लावण्याआधी महिन्याला ३६ पीस जायचे. सरासरी खरेदी ८,०००, टॅग १०,८००, घासाघीस होऊन बिल १०,५०० चं. आता ४७ पीस जातात. खरेदी तेवढीच. बोर्डाच्या हिशेबाने ९,७२० होतात, पण त्यावरही 'लास्ट किती?' सुटत नाही. बिल शेवटी ९,४५० चं होतं. प्रत्येक पीसमागे बॅटरी, पॉलिश, केबल वगैरे ४०० आणि ३० दिवसांच्या दुकान-वॉरंटीचा खर्च सरासरी २००. भाडं, एका पोराचा पगार, लाईट, नेट धरून महिन्याचे २३,०००.

गल्ला ३ लाख ७८ हजारांवरून ४ लाख ४४ हजारांवर गेलाय. तरी महिनाअखेरीला माल घ्यायला पैसे अपुरे पडतात. शेजारचा आता १५ टक्के देतोय. आपण वाढवायची का? शिवाय शिल्लक ३२ पीस आहेत, त्यातले ११ दोन महिन्यांच्या वरचे. त्यांचं काय करायचं?

---

हिशेबाची_वही

आकडे नीट दिलेत म्हणून थेट बेरजेवरच येतो.

आधी एका पीसवर १०,५०० वजा ८,००० म्हणजे २,५०० चं मार्जिन. जीएसटी भावातच धरलेला आहे, म्हणून त्यातला १८ भागिले ११८ भाग सरकारचा: ३८१ रुपये. तुमचे ४०० आणि २०० गेले. उरले १,५१९. छत्तीस पीसचे ५४,६८४. त्यातून २३,००० गेले की हातात ३१,६८४.

आता ९,४५० वजा ८,००० म्हणजे १,४५०. त्यातले जीएसटीचे २२१, खर्चाचे ६००. उरले ६२९. सत्तेचाळीस पीसचे २९,५६३. त्यातून २३,००० गेले की ६,५६३.

गल्ल्यात ६६ हजार जास्त आले आणि घरी २५ हजार कमी गेले. गल्ला फुगलेला दिसतो तो ११ जादा फोनांच्या खरेदीचा पैसा आहे, तुमचा नाही.

१० टक्के ही सूट विक्रीच्या भावावर जाते, पण कापली जाते नफ्यातून. तुमच्या बाबतीत ती १० सुद्धा नाही. टॅगपासून मोजली तर १,३५० रुपये, म्हणजे साडेबारा टक्के. बोर्ड लावण्याआधी टॅगमध्ये घासाघिशीसाठी जे ३०० ठेवलेले होते ते काढून घेतलेच नाहीत, त्यामुळे सूटवर सूट बसली. आणि एका फोनचा १,५१९ चा नफा ६२९ वर आला, म्हणजे ५९ टक्के नफा गेला.

अजून एका बाजूने बघा. आधी महिन्यातला १६ वा फोन विकला की भाडं-पगार सुटायचे आणि उरलेले २० तुमचे. आता ३७ वा विकेपर्यंत तुम्ही घरमालकासाठी आणि पोरासाठी काम करता.

जुना नफा परत मिळवायला ९,४५० च्या भावाने महिन्याला ८७ फोन विकावे लागतील. इथेच सेकंड हँडचा धंदा नव्या मालाच्या धंद्यापेक्षा वेगळा पडतो. नवीन फोनवाला डिस्ट्रिब्युटरला फोन करून अजून ४० पेट्या मागवू शकतो. तुम्हाला ८७ विकायला आधी ८७ माणसं जुना फोन घेऊन दुकानात यायला हवीत. सूटीचा बोर्ड घेणाऱ्याला बोलावतो, विकणाऱ्याला बोलावत नाही. म्हणून जुन्या मालात सूट दिली की तोच मर्यादित माल लवकर संपतो, जास्त माल विकला जात नाही.

शेजाऱ्याच्या १५ टक्क्यांचं: १०,८०० ला १५ टक्के काढले की ९,१८०, वर तुमच्याकडची नेहमीची २७० ची घासाघीस धरली तर ८,९१०. मार्जिन ९१०, जीएसटी १३९, खर्च ६००, उरले १७१. नुसतं भाडं-पगार निघायला १३५ फोन. एखाद्या परत आलेल्या फोनला १,८०० चा कॉम्बो (डिस्प्ले आणि टच एकत्र) टाकावा लागला की दहा फोनांची कमाई तिथेच गेली. तो शेजारी खरंच १५ देत असेल तर एकतर टॅग आधी चढवलेत, नाहीतर त्याची खरेदी तुमच्यासारखी नाही. कशी आहे ते विचारायला जाऊ नका, पण त्याच्या मागे धावूही नका.

थोडीशी सूट द्यायचीच असेल तर तिचीही किंमत लिहून ठेवा. १०,५०० वर ३०० सोडले तर पीसमागे १,२६४ उरतात आणि जुना नफा यायला ४४ फोन लागतात. ५०० सोडले तर १,०९५ उरतात, ५० फोन लागतात. तुमच्या गाळ्यात, एका पोरावर, कराडच्या बाजारात ४४ जमतील असं वाटतं. ५० ची खात्री मी देणार नाही.

---

हीटगन_सात

वहीवाल्यांनी पैशाचं सांगितलं. मी टेबलावर काय बिघडतं ते सांगतो, कारण जास्त सूटीचा खरा फटका खरेदीच्या टेबलावर बसतो आणि तो दोन-तीन महिन्यांनी दिसतो.

पीसमागचा नफा ६२९ वर आला की दुकानदार नकळत दोन गोष्टी करतो. पहिली, घेताना भाव पाडतो. साडेसात-आठ हजारांचा फोन सहा हजारांत मागतो. ज्याच्याकडे बॉक्स, बिल, चांगली बॅटरी असलेला स्वच्छ फोन आहे तो माणूस उठून दुसरीकडे जातो, कारण त्याला हातातल्या मोबाईलवर ऑनलाइन भाव दिसतोय. सहा हजारांत द्यायला तयार होतो तो कॉम्बो बदललेला, पाणी गेलेला, नाहीतर कागद नसलेला फोन. म्हणजे काउंटरवर सूट चढली की महिन्याभरात शोकेसमधल्या मालाची जात उतरते.

दुसरी गोष्ट तपासणीची. एक फोन नीट बघायला २० ते २५ मिनिटं लागतात. ३६ च्या जागी ४७ घ्यायचे, तेही एकाच माणसाने, म्हणजे ती ८-१० मिनिटांवर येते. त्यात सुटतं काय ते बघा:

अॅमोलेड स्क्रीनवर हिरवी रेघ यायला लागलेली असते, पण ब्राइटनेस कमी असेल तर दिसत नाही. पूर्ण पांढरा आणि पूर्ण करडा फोटो लावून, ब्राइटनेस आधी खाली मग वर नेऊन बघायचा. टच बघताना एखादा आयकॉन धरून पूर्ण स्क्रीनवर रेघारेघांनी फिरवायचा, जिथे सुटतो तिथे टच मेलाय. आयफोन ११ पासून पुढच्या मॉडेलला बदललेला डिस्प्ले ओरिजिनल नसेल तर सेटिंग्ज, जनरल, अबाउटमध्ये तसा संदेश येतो. तो बघितल्याशिवाय भाव बोलायचाच नाही. ट्रू टोन (आजूबाजूच्या उजेडाप्रमाणे स्क्रीनचा रंग जुळवणारी सोय) गायब असेल तरी डिस्प्ले बदललाय असंच समजा. बॅटरी हेल्थ ८० च्या खाली असेल तर बॅटरीचे पैसे भावातून वजा. फेस आयडी बंद असेल तर ते दुरुस्तीने सहज सुटणारं काम नाही, तो फोन वेगळ्याच भावाचा.

सिमचा ट्रे काढून आतली पाण्याची खूण बघा, लाल झाली असेल तर बोर्ड उघडल्याशिवाय घेऊ नका. दोन्ही माइक (कॉलचा आणि व्हिडिओचा वेगळा असतो), कानाजवळ नेल्यावर स्क्रीन बंद होते का, चार्जिंग पिन हलवून चार्जिंग तुटतं का.

आणि सगळ्यात महाग चूक: लॉक. विकणाऱ्याने स्वतः त्याचं गुगल किंवा अॅपल खातं तुमच्यासमोर काढायचं, मगच रिसेट. रिसेट झाल्यावर वायफायला जोडून सेटअप शेवटपर्यंत न्यायचा. हप्त्यावर घेतलेल्या काही फोनांत फायनान्सवाल्यांचं लॉक असतं. रिसेट करून नेट न जोडता पाहिलं तर फोन साफ दिसतो, आणि गिऱ्हाइकाच्या घरी पहिल्यांदा नेट लागलं की 'हप्ता भरा' असं येतं. मग ९,४५० पूर्ण परत.

वॉरंटीचे २०० रुपये तुम्ही हिशेबात धरता, चांगली सवय आहे. पण ते खरंच बाजूला पडतात का? प्रत्येक बिलामागे २०० वेगळ्या डब्यात, नाहीतर वेगळ्या यूपीआय खात्यात टाका. सूट वाढली की पहिला हात याच डब्याला लागतो. डबा रिकामा असला की वॉरंटीचं गिऱ्हाईक आल्यावर पोरगा 'पाणी गेलंय' म्हणून हाकलतो. मग गावात जे नाव होतं ते कुठल्याच सूटीने परत येत नाही.

घेण्याच्या भावाचं सूत्र माझ्याकडे असं आहे. आधी ठरवा की हा फोन आज, बोर्डाशिवाय, किती रुपयांत खरंच जाईल. टॅग नाही, शेवटचा भाव. समजा १०,०००. दुरुस्ती आणि वॉरंटीचे ६०० आणि हातात हवेत १,५००. म्हणजे जीएसटी गेल्यावर २,१०० उरायला हवेत. २,१०० ला १.१८ ने गुणा: २,४७८. दहा हजारांतून काढा, ७,५०० च्या वर एक रुपया द्यायचा नाही. कॉम्बो किंवा बॅटरी लागणार असेल तर पार्टचा भाव, वर ३०० मजुरी, आणि पार्ट खराब निघण्याची जोखीम म्हणून पार्टच्या भावाचे १० टक्के अजून खाली.

हे कागदावर छापून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा. जुन्या मालात नफा घेतानाच होतो. विकताना तो फक्त गमावता येतो.

---

माल_फिरता_ठेवा

सगळे सूटीच्या पाठी लागलेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. मोबाईल हा लोणच्यासारखा नाही, मेथीच्या जुडीसारखा आहे. ठेवला की सुकतो. टॅगला चिकटून राहणारा दुकानदारही बुडतो, फक्त हळूहळू.

तुमचे ३२ पीस ८,४०० प्रमाणे (खरेदी आणि दुरुस्ती धरून) २ लाख ६९ हजार होतात. त्यातले ११ दोन महिन्यांच्या वरचे, म्हणजे ९२ हजार रुपये भिंतीवर टांगलेत. महिनाअखेरीला माल घ्यायला पैसे का नाहीत, याचं अर्धं उत्तर हे आहे. बाकीचं अर्धं वहीवाल्यांनी दिलंय.

सरसकट सूट चुकीची का, तर ती जो फोन चार दिवसांत पूर्ण भावाने गेला असता त्यालाही लागते. आणि गिऱ्हाईक शहाणं असतं, १० टक्क्यांत ते ताजा, बॉक्स-बिलवालाच उचलतं. जुने ११ तिथेच राहतात. भाजीवाली संध्याकाळी उरलेल्या जुड्या स्वस्तात काढते, सकाळी सात वाजता नाही.

म्हणून सूट वयावर लावा, गिऱ्हाइकावर नाही. प्रत्येक टॅगच्या मागे खरेदीची तारीख लिहा, गिऱ्हाइकाला वाचता येणार नाही अशा खुणेने चालेल. पहिले २० दिवस पूर्ण भाव, वर जास्तीत जास्त २०० ची घासाघीस. २१ ते ३५ दिवस: टॅगच ३-४ टक्क्यांनी खाली, पण बोर्ड नाही, गाजावाजा नाही. ३६ ते ५० दिवस: नफा निम्मा सोडा. ५० च्या पुढे: पैसे मोकळे करणं हेच काम.

पैसे मोकळे करणं म्हणजे किती? ८,००० चा फोन ८,७०० ला काढा. मार्जिन ७००, जीएसटी १०७, खर्च ६००, म्हणजे सात रुपये तोटा. पण ८,७०० हातात आले. त्यात घेतलेला नवा फोन १५ दिवसांत गेला तर १,५१९ देतो. तोच जुना फोन अजून दोन महिने धरला तर भाव आणखी पडतो, आणि दरम्यान त्या पैशातून फिरले असते ते चार फेरे हुकतात.

त्याहून खाली जाणारा माल काउंटरवर विकूच नका. मोठ्या शहरातल्या घाऊक घेणाऱ्याला गठ्ठ्याने द्या, नाहीतर फोडून पार्ट काढा. ओरिजिनल कॉम्बो, मागचं पॅनेल, कॅमेरा तुमच्याच वॉरंटीच्या कामाला येतात. काउंटरवर तोट्यात विकला की गावात तो भाव होऊन बसतो.

आणि तारखा सांभाळा. सप्टेंबरात नवीन आयफोन येतो, जुन्यांचे भाव त्याच आठवड्यात खाली येतात. नवरात्राच्या आसपास ऑनलाइन मोठे सेल लागतात. त्यात नवीन फोन जेवढ्याला मिळतो त्याच्या ७०-७५ टक्क्यांच्या वर कुणी जुना घेत नाही, असं मी धरतो. म्हणून ऑगस्टअखेर शिल्लक निम्मी करायची. गणपतीच्या आधी, कॉलेजच्या पोरांची गर्दी असते तेव्हाच. पितृपंधरवड्यात कितीही सूट लावा, आपल्याकडे गिऱ्हाईक खरेदी पुढेच ढकलतं. ती सूट फुकट जाते. याउलट ऊसबिलं खात्यावर पडायला लागली की कराड-पाटण पट्ट्यात भाव सोडायची गरजच नसते.

---

कृष्णाकाठ_मोबाईल

डोळे उघडले. ८७ चा आकडा बघून आत्ताच बोर्ड काढावासा वाटतोय. दोन शंका आहेत. आमच्याकडे निम्मी गिऱ्हाईकं एक्सचेंजवाली आहेत, जुना द्यायचा आणि 'वरून' पैसे भरायचे. तिथे सूट विक्रीवर दाखवायची की त्यांच्या फोनचा भाव वाढवून द्यायचा? गिऱ्हाइकाला दुसरं जास्त आवडतं. आणि बोर्ड एकदम काढला तर लोक म्हणतील भाव वाढवले, त्याला काय करायचं?

---

मार्जिन_आणि_मात्रा

पहिल्या शंकेचे उत्तर: सूट विक्रीच्या बिलावरच दाखवावी.

मार्जिन स्कीमचा आधार म्हणजे सीजीएसटी नियम ३२ (५). जुनी वस्तू आहे तशी, किंवा तिचे स्वरूप बदलणार नाही एवढी किरकोळ डागडुजी करून विकली, आणि तिच्या खरेदीवर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेतलेले नसेल, तर विक्री किंमत वजा खरेदी किंमत एवढ्यावरच कर. याच नियमात पुढे म्हटले आहे की हा फरक उणे आला तर तो दुर्लक्षित करायचा. सूट देणारे दुकानदार नेमके हेच वाक्य विसरतात. एका फोनवरचा तोटा दुसऱ्या फोनच्या मार्जिनमधून वजा होत नाही.

उदाहरणार्थ १० फोन विकले. सातांवर प्रत्येकी २,५०० चे मार्जिन, तिघांवर प्रत्येकी १,००० तोटा. तुमच्या दृष्टीने एकूण मार्जिन १४,५००. कर मात्र १७,५०० वर, म्हणजे २,६६९ रुपये. तोटा वजा झाला असता तर २,२१२ झाला असता. ४५० रुपये लहान वाटतात, पण सूटीचे महिने चालू राहिले की तोट्यातल्या पीसची संख्या वाढत जाते. वर म्हटल्याप्रमाणे जुना माल काढायचा तर तो खरेदी किंमतीच्या थोडा वर काढणे आणि थोडा खाली काढणे यांत कराचाही फरक आहे.

आता एक्सचेंज. गिऱ्हाइकाच्या फोनची योग्य किंमत ४,००० आहे. तुम्ही ४,५०० धरलीत आणि तुमचा फोन पूर्ण भावाने दिलात, तर ते ५०० त्या घेतलेल्या फोनच्या खरेदी किंमतीत जाऊन बसले. तो पुढे ४,३०० लाच गेला तर उणे २००, दुर्लक्षित. उलट ते ५०० आजच्या विक्री बिलावर सूट म्हणून दाखवले तर आजचे मार्जिन ५०० ने कमी आणि कर ७६ रुपयांनी कमी, लगेच. विक्रीच्या वेळी दिलेली आणि बिलावर लिहिलेली सूट मूल्यातून वजा धरली जाते. नंतर रोखीने परत केलेले पैसे तसे धरले जात नाहीत. म्हणून 'बिल पूर्ण करतो, बाहेर ३०० देतो' हा प्रकार बंद करा.

दुसरे नुकसान त्याहून मोठे आहे. भाव चढवून घेतलेला फोन शोकेसमध्ये चढ्याच टॅगने लागतो, पडून राहतो, आणि दोन महिन्यांनी त्यालाच पुन्हा सूट द्यावी लागते. एकाच सौद्यात दोनदा सूट. गिऱ्हाइकाला फक्त 'वरून ५,८०० द्या' एवढा एकच आकडा सांगावा. त्याच्या डोक्यात तोच असतो. पण वहीत आणि कागदावर दोन वेगळे व्यवहार: त्याच्या फोनची खरेदी पावती ४,००० ची, तुमच्या फोनचे विक्री बिल ९,८०० चे. फक्त फरकाचे बिल करू नका.

खरेदी रोखीने करत असाल तर एका दिवशी एका माणसाला १०,००० रुपयांच्या वर रोख दिल्यास आयकरात तो खर्च मान्य होत नाही. पीसमागचा नफा आधीच ६२९ असताना दहा-बारा हजारांची खरेदी खर्चात धरली गेली नाही तर काय होईल ते वेगळे सांगायला नको. विकणाऱ्याच्या स्वतःच्या नावाच्या खात्यावर यूपीआय करा. पैशाचा पुरावाही होतो आणि माणसाचाही.

दुरुस्तीचे ४०० खरेदी किंमतीत मिळवून मार्जिन कमी दाखवण्याचा मोह होतो. नियमात शब्द फक्त खरेदी किंमत आणि विक्री किंमत असे आहेत. काही करण्याआधी तुमच्या सीएंना विचारून घ्या.

बोर्डाबद्दल एक सूचना. काही दुकानांत नवीन फोनची एमआरपी खोडून खाली जुन्याचा भाव आणि '४५ टक्के सूट' असे लिहितात. वापरलेल्या फोनला नव्याच्या एमआरपीशी ताडून सूट दाखवणे दिशाभूल ठरू शकते. तसेच स्वस्त फोनची जाहिरात करायची आणि माणूस आला की 'तो आत्ताच गेला' म्हणायचे, हे आमिष दाखवणे ठरते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जून २०२२ मध्ये जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वे निघाली, त्यांत अशा आमिष-जाहिरातीचा स्पष्ट उल्लेख आहे. व्हॉट्सअॅप स्टेटस हीसुद्धा जाहिरातच.

---

हीटगन_सात

मात्रावाल्यांनी खरेदीच्या पुराव्याचा विषय काढलाच आहे तर एक जोडतो. मार्जिन घटलं की 'बिल हरवलंय, पाच हजारांत द्या' म्हणणारा फोन गोड वाटायला लागतो. तिथे थांबायचं. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून दोन्ही आयएमईआय (फोनचे ओळख-नंबर) घ्यायचे, मेसेजमध्ये केवायएम (KYM) लिहून एक जागा सोडून १५ आकडी नंबर, आणि १४४२२ वर पाठवायचा. सरकारच्या संचार साथी पोर्टलवरही तपासता येतं. काळ्या यादीत असेल तर लगेच कळतं. नुसतं सिम टाकून कॉल लागला म्हणजे साफ, असं नाही. तक्रार उद्याही होऊ शकते, आणि मग फोन देशातल्या सगळ्या नेटवर्कवर बंद पडतो.

म्हणून ओळखपत्राची प्रत, विकणाऱ्याची सही असलेली पावती, फोन हातात धरलेला त्याचा फोटो, तिन्ही हवंच. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये येतं. 'मला माहीत नव्हतं' हे पटवायला ही कागदं लागतात, आणि बाजारभावाच्या निम्म्यात घेतलेला फोन त्या बोलण्यावर आधीच शंका आणतो.

---

माल_फिरता_ठेवा

बोर्ड कसा काढायचा ते सांगतो.

आज रात्री काढू नका. त्यावर तारीख लिहा: 'रविवारपर्यंत'. ती तारीख पाळा, पुढे ढकलू नका. एकदा ढकलली की पुढची कुठलीही तारीख कुणी मानत नाही.

सोमवारी दोन भाग करा. २१ नवे पीस एकीकडे, टॅग १०,८०० ऐवजी १०,६०० च्या आसपास, मागे दिवसाची खूण. अकरा जुने दुसऱ्या बाजूला खालच्या खणात, लाल टिकली लावून, प्रत्येकाचा एकच भाव आणि त्यात घासाघीस नाही. लाल टिकलीची वॉरंटी १० दिवसांची करा आणि ते बिलावर लिहा. जो दोष माहीत आहे तोही लिहा, 'मागच्या काचेला तडा', 'बॅटरी ७८ टक्के', जे असेल ते. म्हणजे कुणी म्हणालं की भाव वाढवले, तर खण दाखवायचा. स्वस्त हवा तर इथला, चांगला हवा तर तिथला.

पोराला हद्द घालून द्या: २०० पर्यंत तो, पुढे तुम्ही. सोडलेला प्रत्येक रुपया वहीत, समोर कारण: जुना माल, डाग, एक्सचेंज, ओळखीचा, भवानी. महिनाअखेरीला बेरीज करा. 'ओळखीचा' हा रकाना बहुतेक सगळ्यात मोठा निघतो. त्यावर इलाज सोपा नाही, पण निदान आकडा समोर येतो.

पैशाऐवजी वस्तू सोडा. ग्लास घाऊकात २०-३० ला पडते, लावून १५० ला विकता. कव्हर ४० ला पडतं, तेही १५० चं. दोन्ही मिळून तुमचे ७० गेले आणि गिऱ्हाइकाला ३०० मिळाल्याचं समाधान. फक्त त्यात बिनशिक्क्याचा चार्जर घालू नका. चार्जरला बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी सक्तीची आहे, आणि त्यानेच पिन जळली तर ती तुमच्याच वॉरंटीत येणार.

स्टेटसला फोटो टाकताना खोडलेला भाव टाकू नका. मॉडेल, स्टोरेज, बॅटरीचे टक्के, बॉक्स-बिल आहे की नाही, आणि एकच आकडा. मागच्या महिन्यात ज्याने तोच फोन १०,५०० ला नेलाय तो तुमचं स्टेटस बघतोच. त्याला ९,४५० दिसलं की तो पुढचा फोन दिवाळीपर्यंत थांबवतो, आणि तीन मित्रांनाही थांबवतो.

---

हिशेबाची_वही

वरच्या मांडणीचा पहिला महिना कसा दिसेल तेवढं मोजून ठेवा, नाहीतर विक्री घटलेली बघून दहा दिवसांत बोर्ड परत लागतो. समजा ११ जुने ८,७०० ला गेले: नफा शून्य, पण ९५,७०० रोख. ताजे ३० पीस १०,४०० ला गेले: मार्जिन २,४००, जीएसटी ३६६, खर्च ६००, उरले १,४३४. तीस पीसचे ४३,०२०. त्यातून २३,००० वजा, हातात २० हजार. एकूण ४१ फोन, म्हणजे आताच्या ४७ पेक्षा कमी, आणि गल्लाही थोडा कमी दिसेल. दुसऱ्या महिन्यात त्या ९५ हजारांत ७,५०० प्रमाणे घेतलेले १२ चांगले पीस शोकेसमध्ये असतील. तेव्हा ३६ चा आकडा पुन्हा बघा, ४७ चा नको.